तीनदा वाजली, की ग्लाफिरा उठली

...नाही, मी म्हणतो, बेल ही काय वाटून घ्यायची गोष्ट आहे का? खोल्या वाटल्या, ठीक आहे, स्वयंपाकघर वाटलं, संडासात सुद्धा प्रत्येक बिऱ्हाडाचा बल्ब वेगळा आणि बटण वेगळं, तेही ठीक आहे, पण बेल? तुम्हाला सांगतो, आमच्या सारातोवच्या त्या घरात सात खोल्यांत सात बिऱ्हाडं आणि बाहेरचं दार एक, त्यामुळे पाहुण्यानं मोजून बेल वाजवायची. एकदा वाजली तर आमच्याकडे, दोनदा वाजली तर हिशेबनीस साव्वाकडे, तीनदा वाजली तर प्रोखोर चांभाराकडे, असं करत करत थेट सातपर्यंत. बेल वाजली की घरभर सगळ्यांचे चमचे हवेत थांबायचे. ओठ हलवत मोजायचे सगळे. सूप गार होतंय, पण मोजल्याशिवाय घास घ्यायचा कसा? काय करणार, दार एकच!

आता प्रोखोर म्हणजे कसा माणूस? बूट कारखान्यात सोल शिवायचा, बोलणं कमी, आणि चष्मा असा जाड की तो काढला तर स्वतःची बायको आणि कपाट यांत त्याला फरक कळायचा नाही. बायको ग्लाफिरा. खिशात किल्ली असली तरी बेल वाजवायचा तो, तीनदा, सावकाश. का, तर ती धावत येऊन दार उघडते ते त्याला आवडायचं. एवढीच त्याची चैन.

सरकारी माणसं लोकांना घरातून उचलून नेत होती त्या सदतीस साली, एका पहाटे बेल वाजली. पण ती मोजायची बेल नव्हतीच. लांबलचक, बोट न उचलता वाजवलेली. तसली बेल कोणाची असते? सगळ्यांचीच असते हो. सातही खोल्यांत माणसं अंथरुणात बसून राहिली, आणि बुटांचे आवाज जेव्हा तिसऱ्या दाराशी थांबले ना, तेव्हा बाकीच्या सहा खोल्यांत लोकांनी श्वास सोडला. आम्हीही सोडला. खोटं कशाला सांगू?

अर्ध्या तासाचं काम आहे, म्हणाले ते प्रोखोरला नेताना. चहाच्या वेळेला परत येईल, म्हणाले. ग्लाफिरानं चहाचा समोवार पेटवून ठेवला. मग बघते तर चष्मा टेबलावरच! ती चष्मा घेऊन जिन्यावरून अनवाणी धावली, तोवर गाडी गेली.

मग आमच्या स्वयंपाकघरात चर्चा. साव्वा म्हणे, ‘मी ऐकलंय ना, सोल पुठ्ठ्याचे येतात असं तो कारखान्यात बोलला होता.’ सहाव्या खोलीतली म्हणे, ‘सभेत हसला असणार.’ आमची बायको म्हणे, ‘छे, सभेत हसला नाही म्हणूनच.’ प्रत्येकाला कारण हवं होतं बघा. कारण एकदा सापडलं की आपण ते केलेलं नाही म्हणून झोप लागते.

महिन्याभरात ग्लाफिराला मोठ्या खोलीतून काढलं आणि मोरीशेजारच्या, नुकत्याच रिकाम्या झालेल्या सातव्या खोलीत टाकलं, पलंग आत न्यायचा तर दार मिटत नाही अशी ती खोली. आणि मोठ्या खोलीत आली रिम्मा पाव्लोव्ना. आता बेल माणसाची नाही, खोलीची. म्हणजे तीन झाली रिम्माची आणि ग्लाफिराच्या वाट्याला आली सात. सात! पाहुण्याचं बोट दुखायचं. पाचच्या पुढे त्याची मोजदाद चुकायची, आमचीही चुकायची, आणि सहा झाल्या की सात यावर दोन बिऱ्हाडं दारातच भांडायची.

पण तिला काळजी वेगळीच. ती रिम्माच्या दारात उभी राहिली, हात जोडून. ‘पाव्लोव्ना, मला तीन द्या, तुम्ही सात घ्या. तो येईल, त्याला दारावरची नावं दिसायची नाहीत, चष्मा माझ्याकडे आहे. तो तीनदाच वाजवणार. तुम्ही म्हणाल, इथे असं कोणी राहत नाही. आणि तो दुसऱ्यांदा विचारणारा माणूस नाही हो, तो जाईल परत.’

रिम्मा म्हणाली, ‘बाई, माझ्या नातेवाइकांना तीन पाठ झालंय. आणि गेलेली माणसं येतात कुठे?’

झालं. त्या दिवसापासून तीनदा वाजली, की ग्लाफिरा उठली! हातात लाटणं असो, केसांना साबण असो, ती रिम्माच्या आधी दाराशी. दार उघडायचं, रिम्माचा मामा बघायचा, ‘या, आत या’ म्हणायचं आणि परत यायचं. रिम्मा सुरुवातीला भांडली, मग तिच्या लक्षात आलं की आपल्याला उठावंच लागत नाही, मग ती भांडायची थांबली. पुढे तर खोलीतून ओरडायची, ‘ग्लाफिरा, भाचा आलाय वाटतं, बघा हो!’ युद्ध आलं, गेलं. साव्वाचा मुलगा गेला, आमचाही गेला. तीनदा वाजली, की ग्लाफिरा उठली. गुडघे गेले, तरी उठली. काय करणार, दार एकच!

छप्पन्न साली वसंतात मी भट्टीवरचं काम संपवून जिना चढतोय, तर आमच्या दाराशेजारी कोपऱ्यात एक म्हातारा उभा. टोपी हातात. तोंड भिंतीकडे.

मी विचारलं, कोण पाहिजे?

म्हणाला, ‘इथे राहत होतो.’ भिंतीकडे बघूनच म्हणाला. आवाज ओळखला मी.

‘प्रोखोर, कधीपासून उभा आहेस?’

‘सकाळपासून.’

‘अरे, मग बेल?’

त्यानं जरा विचार केला. ‘स्वतः वाजवायची?’

तुम्हाला सांगतो... एकोणीस वर्षं तुरुंगात दार त्यानं स्वतः उघडलं नव्हतं, कोणी तरी उघडायचं, कोणी तरी लावायचं, आणि माणूस जवळून गेला की भिंतीकडे तोंड करायचं. सकाळी रिम्माचा भाचा आला होता. त्यानं तीनदा वाजवली, ग्लाफिरानं दार उघडलं, ‘या, आत या’ म्हणाली, दार लावलं. हा हातभर अंतरावर, भिंतीकडे तोंड करून. तिचा आवाज त्यानं ऐकला. पण ‘या’ काही त्याला म्हटलं नव्हतं ना.

मी त्याचं बोट धरलं आणि त्याच बोटानं बेल दाबली. एक. दोन. तीन. आत खुर्ची सरकली. ते पाय घासत येताना ऐकू आले.

तिनं दार उघडलं. आत गेली, चष्मा घेऊन आली, त्याच्या नाकावर ठेवला. एक काडी सैल झाली होती, ती धरून राहिली.

तो म्हणाला, ‘ग्लाशा, अर्धा तास म्हणाले होते.’

ती म्हणाली, ‘चहा गार झालाय. थांब, परत ठेवते.’

नंतर त्याला एक कागद मिळाला, गुन्हा काही आढळला नाही असा. साव्वानं तो उलटून पालटून वाचला आणि विचारलं, ‘मग नेलं कशाला?’ आमच्या बायकोनं सूप ढवळलं.

मला वाटलं, संपली आता बेलची कटकट. कुठली संपते! प्रोखोर अजून बेल वाजवत नाही. पाव आणायला जातो, येतो आणि उभा राहतो बाहेर. किल्ली दिलीय, खिशातच असते. म्हणून आता ग्लाफिरा बेलकडे लक्षच देत नाही, बेल नसताना मध्ये मध्ये उठून दार उघडून बघते. आणि रिम्माला तर आता उठायची सवयच राहिली नाही.

परवा तिचा भाचा आला. तीनदा वाजवली. कोणी उठलं नाही. परत तीनदा. आम्ही सगळे चमचे हवेत धरून मोजतोय, पण आमची नव्हे ना ती! शेवटी दार उघडलं ग्लाफिरानंच, पण भाच्यासाठी नाही. प्रोखोर पाव आणायला गेला होता, तो आलाय का बघायला. आला होता. भाचा चिडून बेल बडवतोय आणि हा शेजारी, पाव छातीशी धरून, भिंतीकडे तोंड करून.

ती म्हणाली, ‘या, आत या.’ दोघंही आत आले. काय करणार, दार एकच.