नांगर उचलण्याची जागा

मी, वासुदेव, वडिलांचे नाव कै. गोविंद, राहणार हळर्ण, तालुका पेडणे, धंदा अर्जलेखन, वय पन्नाशीच्या अलीकडचे, शिक्षण मराठी चौथी आणि पोर्तुगिजांची प्रिमेर ग्राव ही प्राथमिक परीक्षा, हे सर्व पूर्ण शुद्धीत सांगत आहे आणि आपण, पंचायतीच्या कारकुनांनी, ते शब्दाला शब्द लावून उतरून घ्यावे. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे तो माझा चुलत भाऊ शंभू, राहणार शेजारच्याच घरात, मध्ये फक्त एक फणस. घटना घडली ती गोवा घटक राज्य झाले त्या आठवड्यात. साक्षीदार चार: माझी आई, टिलर चालवणारा बसाप्पा आणि पाण्याचे दोन ग्लास. ग्लास साक्ष कशी देतात ते पुढे येईल, घाई करू नये. घाई शंभूचा गुण आहे, माझा नव्हे.

आमचे सामाईक शेत डोंगरउताराचे, वर नाचणी, खाली भात, आणि मधोमध एक पट्टा, बैलगाडी वळेल एवढा रुंद, त्यात तीन रोयणी, म्हणजे वारुळे. बैल त्या पट्ट्याशी आले की बाबा जोत सोडायचे, नांगर खांद्यावर घ्यायचे, पलीकडे चालत जायचे आणि मग पुन्हा टेकवायचे. दर वर्षी, दर फेरीला. मी लहानपणी विचारले, बाबा, एवढी बरी जमीन का सोडता, तर म्हणाले, थंय देवी आसा आणि देवीची माणसां आसत, तुका दिसनत नाय म्हणान ती नाय काय रे? श्रावणात त्या पट्ट्यातून अळमी निघायची, रोयणीच्या अंगाला उगवणारी पांढरी छत्री, टोपलीभर, आणि ती टोपली दोन्ही घरांत अर्धी अर्धी व्हायची. शंभूने ती चाळीस वर्षे खाल्ली आहे, हे नोंदवावे. आई मूठभर माती उचलून नाकाशी धरायची आणि म्हणायची, जिती आसा.

आता माझ्या धंद्याविषयी. पेडण्याच्या मामलेदार कचेरीबाहेर मी इतकी वर्षे बसतो, आणि काय सांगू तुम्हाला, भल्याभल्यांना जे दोन ओळींत मांडता येत नाही ते मी दोन पानांत मांडतो. शंभूला शेतकी खात्याकडून पॉवर टिलर, म्हणजे यंत्राचा नांगर, हवा होता. तो फणसाखाली येऊन म्हणाला, भाऊ, तुझ्या हाताक जस आसा, एक अर्ज लिवन दी. मी लिहिला. पट्ट्याचे काय लिहायचे हे त्याने सांगितले नाही, मी विचारले नाही. अर्जात कोणतीही जमीन वर्णनावाचून सोडू नये हा माझा नियम, म्हणून मी लिहिले, सदर पट्टा पडीक, निरुपयोगी व लागवडीखाली आणण्यास सर्वथा योग्य आहे. वाक्य चांगले बसले होते. खाली सामाईक मालक म्हणून माझी सही.

ज्या दिवशी टिलर शेतात उतरला त्या दिवशी मी कचेरीबाहेर दुसऱ्यांचे अर्ज लिहीत होतो. बसाप्पा हा बेळगावकडचा कामकरी, परका माणूस, त्याने पट्ट्यापाशी यंत्र थांबवले आणि विचारले, मालक, इथं वारूळ हाय, फिरवू नको काय? आई ओट्यावरून ओरडली, अरे नांगर उचल, नांगर उचल! शंभूने ओट्यापाशी येऊन खिशातली अर्जाची प्रत काढून तिला दाखवली. काकी, हय बघ, पडीक म्हणान भाऊनच लिवलाहा, सही तेचीच. आईला अक्षर येत नाही, पण माझी सही ती ओळखते. ती उठून आत गेली. बसाप्पाने पाती खाली सोडली आणि तीन फेऱ्यांत तीन रोयणी पीठ झाल्या.

त्यानंतर तीन श्रावण गेले, अळमी नाही. शंभू दर वर्षी तीन तीन वेळा टिलर फिरवतो, माती मैद्यासारखी करतो आणि म्हणतो, बघ कशी मऊ! पहिल्या सरीला त्याच मैद्याची पापडी धरते, पाणी आत न मुरता खालच्या भातात जाते आणि माती घेऊन जाते. मी जाब विचारला तर चारचौघांत म्हणतो, अळमी व्हयी तर म्हापशाच्या बाजारातसून घेवन ये मरे, अर्ज कर बाजाराक!

यंदा शेतकी खात्याकडून डिचोलीची एक मुलगी आली, वयाने लहान, पण बोलणे मुद्द्याचे. तिने फणसाखालचे एक ढेकूळ घेतले, जिथे कधी नांगर लागला नाही, आणि पट्ट्यातले एक, आणि ओट्यावर पाण्याच्या दोन ग्लासांत सोडले. पट्ट्यातले ढेकूळ पाहता पाहता विरघळले, पाणी चिखल झाले. फणसाखालचे तसेच राहिले. ती म्हणाली, काका, मातीत बुरशीचे धागे असतात, डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, त्यांच्या डिंकाने माती बांधलेली असते, पाते फिरले की ते धागे तुटतात, जुळेपर्यंत पुन्हा तुटतात. मी विचारले, मेले काय सगळे? म्हणाली, सगळे नाही, सोडून दिलीत तर काही वर्षांनी सावरेल, रोयण मात्र येईलच असे सांगत नाही. शंभू हसून म्हणाला, ग्लासातली माती खातलास काय? आई हसली नाही. तिने फणसाखालच्या ग्लासातले ढेकूळ बोटांनी उचलले, हुंगले आणि माझ्याकडे बघितले. शंभूकडे नाही.

तेव्हा इथे एक दुरुस्ती घ्यावी. तक्रार ज्यांच्याविरुद्ध आहे ते दोन. पहिला शंभू, ज्याने पाते फिरवले. दुसरा मी, ज्याने न बघता पडीक लिहिले. शंभूला मी माफ केलेले नाही आणि स्वतःसाठी माफी मागत नाही. ते वाक्य मी शेतकी खात्याला अर्ज देऊन लेखी मागे घेतले आहे, पण टिलरला वाचता येत नाही.

सबब विनंती अशी की, येत्या पावसाआधी शंभूने टिलर पट्ट्याच्या कडेला आणून पाती वर उचलावीत आणि पलीकडे जावे. आई आता फार थकली आहे, पण त्या दिवशी ती ओट्यावर बसणार आहे. शंभूने उत्तर कागदावर देऊ नये, कागद मी पुष्कळ बघितले. चाकांच्या खुणा पट्ट्याला वळसा घालून गेलेल्या दिसल्या की उत्तर पोचले असे समजेन. सरळ गेलेल्या दिसल्या तरी पोचले असे समजेन, आणि मग मधला फणस राहील, बोलणे राहणार नाही. कळावे.