रीळ मोकळं करता करता

(नवागाममध्ये राहणाऱ्या एका लूम मास्तरांनी घराच्या ओट्यावर बसून सांगितलेलं. मी फक्त उतरवून घेतलं.)

आम्ही तापीकाठचे. चोपड्याकडं आमचं गाव. तुम्ही इथं सुरतेत पूल ओलांडता ना, तीच तापी आमच्या गावाखालून येते, म्हणजे पाणी आमच्या अगोदर इथं आलं अन् मंग त्याच्या मागं आम्ही आलो असं म्हणा. माझं नाव सुपडू. जात आमची भोई. बाप जाळं फेकायचा. कमरेइतक्या पाण्यात उभा राहायचा, अर्धं जाळं खांद्यावर, अर्धं हातात, अन् एक गिरकी घेतली की जाळं हवेत उघडायचं, भाकरीसारखं गोल. मला ते कधी जमलं नाही. माझं जाळं गोळा होऊनच पाण्यात पडायचं. बाप म्हणे, शिकी ले रे भो, फेकत ऱ्हाय, हात बसी जाई. मी म्हटलं पुढच्या वर्षी शिकतो. अन् सतराव्या वर्षी मामानं सुरतेला आणलं, लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात लावलं, पुढचं वर्ष काही आलं नाही.

खात्यात मी शिकत शिकत मास्तर झालो. शाळेतला नाही हो, लूमचा मास्तर. लूम बिघडलं की मास्तरला बोलवायचं. धोटा उडतोय, मास्तर. पट्टा घसरतोय, मास्तर. चाळीस-पन्नास लूम एका वेळी खडखडत असतात, तिथं कान जातात, माझेही अर्धे गेले, पण मी लूमच्या अंगावर बोटं ठेवून सांगायचो की कुठलं बेरिंग खराब व्हायला लागलंय. खोटं नाही सांगत, कारीगर लोक हसायचे, म्हणायचे मास्तर नाडी बघतो. पण काय सांगू तुम्हाला, मास्तर लूम चालवत नाही. लूम लावून द्यायचं अन् बाजूला व्हायचं, कापड विणणार कारीगर. एवढी वर्षं गेली, मी एक मीटर कापड माझ्या हातानं काढलेलं नाही. हे मी तेव्हा कोणाला बोललो नाही. आता बोलतो.

अन् तेल. सकाळी खात्यात शिरलो की पहिलं काम तेल. लूमला तेल पाजलं की लूम चालतं, कोरडं ठेवलं की स्वतःलाच खातं, हे मी किती जणांना शिकवलं असेल. माझ्या हाताखाली एकही बेरिंग कोरडं मेलं नाही. हे लक्षात ठेवा, कारण माझी सगळी फजिती या तेलातच आहे.

खांदा गेला तो बीम उचलून. ताण्याचा बीम, लोखंडाचा, वर सूत गुंडाळलेलं, दोघांनी उचलायचा, अन् कधी दुसरा माणूस नसला की एकट्यानं. मास्तरला काय, मास्तर दणकट. एक दिवस हात छातीच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाला, आतली शीर फाटली, आता व्यायाम करा अन् जड उचलू नका. त्यातच शेठनं जुने लूम भंगारात काढले, नवी मशीनं आणली, त्यांचा मास्तर कंपनीतून येतो, हातात लॅपटॉप. आता मी भेस्तानला दोन खात्यांत जुने लूम बघतो, ते जोपर्यंत आहेत तोपर्यंत.

जुने लूम निघाले तेव्हा आमचा एक उडिया कारीगर होता, प्रफुल्ल, तो कायमचा गावी गेला. त्याला मासे धरायचा नाद. जाताना त्यानं मला त्याची काठी अन् रीळ दिलं. आडवं रीळ बरं का, ज्यात तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, गुंडाळलेली फिरकीच गरगर फिरते, तुम्ही गळाला बांधलेलं शिसं फेकलं की फिरकी फिरून तंगूस सोडत जाते. बंद पडल्यासारखं झालं होतं. म्हणाला, मास्तर, ये जाम है, आपका हाथ लगेगा तो चलेगा. असं म्हटल्यावर मी नाही कसं म्हणू.

मंग मी अन् माझा धाकटा भाऊ रतन, तो गोडादऱ्यात राहतो, सुट्टीच्या दिवशी सकाळी तापीवर जायला लागलो. रतनजवळ साधी काठी. आता तापी कशी झालीय, काठापासून पंधरा-वीस हात जलकुंभी, म्हणजे आपली जलपर्णी, हिरवा गालिचाच, गळ त्याच्या पलीकडं मोकळ्या पाण्यात पडायला पाहिजे, नाहीतर वेलात अडकून बसतो. रतन डोक्यावरून काठी आणतो अन् सटकन फेकतो, पलीकडं. माझा हात वर जात नाही, मी बाजूनं फेकणार, कमरेच्या उंचीवरून, जोर तो किती. रीळ मोकळं फिरलं असतं तर तेवढ्या जोरातही गेलं असतं, पण ते दोन वेटोळी सोडी अन् थांबे. शिसं जलकुंभीवर टप्प. परत ओढा, वेल काढा, परत फेका, परत टप्प. मंग रतन म्हणे, भाऊ, आन इकडे, मी फेकस. अन् माझ्या हातातून काठी घेई, फेकी, अन् परत माझ्या हातात देई.

तुम्हाला वाटेल यात काय एवढं. मला तो राग आजही आठवतो. रतनला मी बोट धरून सुरतेला आणलं, त्याला मी लूमवर लावलं, अन् आता तो माझा गळ फेकून देणार अन् मी काठी धरून बसणार. मी ठरवलं, गळ मी फेकीन. माझ्या हातानं, या खांद्यानं, जलकुंभीच्या पलीकडं. एवढंच पाहिजे होतं मला, दुसरं काही नाही, मासा लागो न लागो.

मंग काय, घरी आणलं रीळ, बाजूची झाकणं खोलली. आत दोन बेरिंगं, हरभऱ्याएवढी. मी मास्तर. मी काय करणार. तेल पाजलं. फिरवलं, थोडं फिरलं, थांबलं. अजून पाजलं. पुढच्या सुट्टीला नदीवर, टप्प. मंग म्हटलं तेल टिकत नाही, ग्रीस पाहिजे, अन् लूमचं ग्रीस बोटानं दाबून दाबून भरलं. आता तर एकच वेटोळं. मी बाजूची चाकी, जी फिरकीला ब्रेक लावते, ती ढिली केली, घट्ट केली, परत ढिली केली. परत तेल. महिनाभर हेच, घरात सगळीकडं तेलाचे डाग, वैशालीची माय, म्हणजे माझी घरची, रोज ओटा पुसते अन् काही बोलत नाही, अन् ती बोलत नाही म्हणून मला अजून राग.

नदीवर एक म्हातारे बसतात, ठाकोरकाका, इथलेच माछी, सगळं आयुष्य पाण्यावर गेलेलं. त्यांनी एक दिवस माझं रीळ हातात घेतलं, अंगठ्यानं फिरवलं, बोटाला लागलेलं ग्रीस पाहिलं अन् माझ्याकडं पाहिलं. म्हणाले, तेल काढी नाख, भाई. आ लूम नथी. म्हणजे तेल काढून टाक, हे लूम नव्हे. मला इतका अपमान वाटला. मी म्हटलं काका, कोरडं बेरिंग मरतं. ते म्हणाले, कोण म्हणतं कोरडं ठेव, पेट्रोलमध्ये धू, सुकव, अन् शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. एक. अन् थेंबसुद्धा सुईच्या टोकावरून.

मी नाही ऐकलं. पुढचे चार आठवडे नाही ऐकलं. तेलानंच तर आयुष्य काढलं, अन् हा माणूस सांगतो तेल हेच दुखणं आहे. रतन म्हणे करून तर पाहा, मी म्हणे तू गप बस. चार आठवडे रतन माझा गळ फेकत होता, अन् मी फेकू देत होतो, पण तेल काढत नव्हतो. असा मी माणूस.

शेवटी एका दुपारी बेरिंगं काढली, वाटीत पेट्रोल घेतलं, टाकली. पेट्रोल काळं झालं. परत धुतली, परत काळं. तिसऱ्यांदा स्वच्छ. सुकवून बसवली, चाकी जराशी ढिली केली अन् बोटानं टिचकी मारली. काय सांगू तुम्हाला, फिरतंच आहे. मी बघतोय अन् ते फिरतंच आहे. रतन आला होता, तो म्हणाला, भाऊ, हाई चिवचिव करी ऱ्हायनं. मला काही ऐकू येत नव्हतं. बोट ठेवलं तेव्हा कळलं, बारीक कंप, कोरडं ओरडत होतं. मंग सुईच्या टोकावरून एक थेंब. कंप गेला. परत टिचकी, अन् ते असं फिरलं की हातात काही आहे हेच कळेना. प्रफुल्ल असता तर त्याला दाखवलं असतं.

आता तुम्ही म्हणाल झालं. कुठलं झालं.

नदीवर गेलो, बाजूनं फेकलं, शिसं निघालं, रीळ सुटलं, अन् शिसं पाण्यात पडलं तरी रीळ काही थांबेना. तंगूस बाहेर यायला जागा नाही अन् आतून सुटतोच आहे, एका क्षणात असा गुंता की पक्ष्यानं घरटं बांधावं. दीड तास तो गुंता काढत बसलो. परत फेकलं, परत गुंता. तिसऱ्यांदा कापून टाकला. जाम होतं तेव्हा जलकुंभीवर पडत होतं, मोकळं केलं तर गुंताच गळ्यात पडला. चाकी घट्ट करावी तर परत टप्प, ढिली करावी तर घरटं. मी काठी जमिनीवर आपटली, रतननं पाहिलं अन् दुसरीकडं तोंड केलं.

घरी येऊन रीळ कोपऱ्यात टाकलं. वैशालीच्या मायनं उचललं, ओट्यावर बसली, टाचणी घेतली, अन् एक एक वेटोळं सोडवत गेली, काही न तोडता. ती अठरा वर्षं जरीच्या कारखान्यात होती, मोठ्या फिरकीवरून छोट्या फिरकीवर जरीची तार भरायची. मी म्हटलं राहू दे, परत होणारच आहे. तर ती म्हणाली, दोरा थांबी गया तरी फिरकी फिरी ऱ्हायनी, मंग गुंता व्हईच. अंगठा ठेवाले पाहिजे. अन् तिनं मला दाखवलं, अंगठा फिरकीच्या कडेवर असा नुसता टेकलेला, दाबलेला नाही, तार सुटते तेव्हा हलका, थांबायच्या आधी जरा जड. मी म्हटलं तुला हे माहीत होतं, मंग दोन महिने बोलली काबर नाही. म्हणाली, तुमीन माले कधी इचारं का?

खरं आहे. नाही विचारलं.

पण ऐका, माझा उजवा अंगठा. गियरमध्ये सापडला होता जवान असताना, नख परत आलं, पण वरचं पेर बधिर आहे. मी बोटांनी बेरिंगाची नाडी बघायचो ती या चार बोटांनी. अंगठ्याला काही कळत नाही. मी आठ दिवस ओट्यावर बसून अंगठा ठेवायला शिकलो, एक तर दाबून धरायचो, नाहीतर सोडून द्यायचो, मधलं काही जमेना. डाव्या हातानं केलं, तर डाव्या हाताला दिशा नाही. शिसं समोरच्या भिंतीवर, एकदा शेजाऱ्याच्या मोटरसायकलवर. रीळ एवढं मोकळं केलं, अन् त्याला धरायला अंगठा नाही.

पुढच्या सुट्टीला ती म्हणाली, मीबी येस. तीस वर्षांत ती कधी नदीवर आली नव्हती, मासे फक्त कापायची अन् रांधायची. मी फेकलं, गुंता झाला, तिनं काढला. परत फेकलं, गुंता. मंग ती म्हणाली, माले दखू द्या जराखं. खोटं कशाला बोलू, द्यायची इच्छा नव्हती. रतन बघत होता, ठाकोरकाका बघत होते. पण काठी दिली. कशी धरायची ते दाखवलं. तिनं पदर खोचला, फेकलं, शिसं जलकुंभीवर टप्प पडलं, पण गुंता नाही. एक वेटोळंही सैल नाही. ती हसली अन् काठी परत द्यायला लागली, म्हणाली, हाई मनं काम नही, म्हणजे हे माझं काम नाही. अन् माझ्या तोंडून निघून गेलं, फेक अजून, हात बसी जाई.

बापाचं वाक्य. चाळीस वर्षांत मी कोणाला म्हटलं नव्हतं, मला कोणी परत म्हटलं नव्हतं.

तिनं पाच-सहा वेळा फेकलं. सहाव्या की सातव्या वेळेला शिसं गेलं ते गेलंच, जलकुंभीच्या वरून, मोकळ्या पाण्यात, रतनच्याही पुढं. मी तिच्या बाजूला काठीच्या दांड्यावर बोटं ठेवून होतो. ते रीळ फिरताना मला कळत होतं, कुठं कंप नाही, कुठं अडकत नाही, अन् शेवटी तिचा अंगठा टेकला तेही कळलं. माझ्या हाताखाली एवढं चांगलं मशीन दुसरं चाललेलं नाही. अन् मला रडू आलं. आनंदानं म्हणाल तर अर्धं. अर्धा राग होता, की परत तेच झालं, लावून दिलं मी अन् चालवलं दुसऱ्यानं.

आता दर सुट्टीला आम्ही तिघं जातो. ती फेकते, मी काठी धरतो, मासा लागला की ओढतो, तेवढा हात चालतो. निघायच्या आधी ती विचारते, तेल टाकं का? मी सुईच्या टोकावरून एक थेंब सोडतो, दुसरा सोडावासा वाटतो, अजूनही वाटतो, सोडत नाही. मी स्वतः गळ जलकुंभीपलीकडं टाकला नाही तो नाहीच टाकला, ते माझ्या मनातून जाणार नाही. खांद्याचा व्यायाम रोज करतो, या भिंतीवर बोटं वर चालवायची, ती बघा तेलाची बोटं उमटलीत, कालची ती, ही आजची. चार बोटं वर गेलोय महिन्याभरात.

तुमचा खांदा चांगला आहे ना? देव तो तसाच ठेवो. काही शिकायचं राहिलं असेल तर पुढच्या वर्षावर टाकू नका.