शेजाऱ्याकडे तोंड करून ठेवलेले स्पीकर

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. पेटीवाले, तुम्ही सूर धरून ठेवा, सोडू नका. आज जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसायचा नाही, हे आधीच सांगतो. माझ्या बायकोचाही बसला नाही — आणि तिनं तर माझ्यावर विश्वास ठेवून लग्न केलेलं आहे. तेव्हा मानू नका. नुसतं ऐका.

आधी एक प्रश्न. माणसाचं पोट दुखतं — ओवा खाऊन थांबत नाही असलं दुखतं — ते कशानं? आपल्याकडे नाही म्हणून? की दुसऱ्याकडे आहे म्हणून? सहा शत्रू सांगितलेत आपल्याला. काम, क्रोध येतात तेव्हा घर हादरतं, शेजारपाजारला कळतं. पण हा सहावा, मत्सर, मोठा सभ्य हो! चपला बाहेर काढून येतो, पाट मागतो, पाणी मागतो, आणि मग उठतच नाही.

तर आंबेखोल नावाचं गाव. गावात दोन भजनी बुवा. एक अनाजी बुवा धुरी, दुसरे मोहन बुवा कोयंडे. दोघांची घरं शेजारी-शेजारी, मध्ये कमरेएवढा दगडी गडगा. आणि दोघं आयुष्यभर डबलबारीत समोरासमोर. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांसाठी सांगतो — डबलबारी म्हणजे दोन बुवा, दोन मेळ, एकमेकांकडे तोंड करून बसतात. एकानं गाण्यातून टोला टाकायचा, दुसऱ्यानं तो गाऊनच परतवायचा. म्हणजे तुमच्याकडे सोसायटीच्या मीटिंगमध्ये जे होतं तेच, फक्त सुरात.

या धुरी बुवांचा गळा कसा? तर त्यांनी वरचा सूर लावला की झाडावरचा फणस पिकायचा. कच्चा असला तरी. गाव डोलायचं. पण बुवांचं समाधान नाही! कारण गाव म्हणतंय, कोयंडे म्हणत नाहीत. इतकी वर्षं समोर बसले, एकदा, एकदा तरी म्हणावं ना त्या माणसानं, ‘अनाजी, बरा गायलास’? नाही. बारी संपली की कोयंडे पेटीला खोळ घालणार, सुपारी तोंडात टाकणार आणि चालू लागणार. धुरी बुवांना दुसरं काही नको होतं. ते तेवढं एक वाक्य हवं होतं. त्या एका वाक्यापायी माणूस वाळत चालला होता.

अशात कोयंड्यांनी काय करावं? आंब्याची अढी घालायची खोली रिकामी केली आणि तिथं स्टुडिओ मांडला. घरच्या घरी भजनं रेकॉर्ड करायची! कुडाळहून माणूस आला. टेबलावर दोन स्क्रीन ठेवले. समोर डावा-उजवा स्पीकर, मध्ये एक, पाठीमागे दोन, आणि कोपऱ्यात एक ढोल्या, नुसता घुमण्यापुरता. मधोमध खुर्ची. त्या माणसानं खुर्चीला सुतळी बांधली आणि तीच सुतळी नेऊन प्रत्येक स्पीकर सारख्या अंतरावर बसवला. सगळ्यांची तोंडं खुर्चीकडे. का? तर त्या खुर्चीत बसणाऱ्याच्या भोवती आवाज फिरला पाहिजे. देवळात बसल्यावर घंटा डोक्यावर वाजते आणि टाळ पाठीमागून येतात, तसा.

हे सगळं धुरी बुवांना कसं कळलं? सकाळपासून गडग्यापाशी पोफळीला पाणी घालत उभे होते ना! एकाच पोफळीला. ती पोफळ बिचारी पोहायला शिकली.

संध्याकाळी कोयंड्यांनी स्पीकर लावून बघितले. रेकॉर्डिंगमध्ये गुरांच्या गळ्यातल्या घंटा होत्या. आणि, पटणार नाही म्हटलंच होतं, धुरी बुवांची म्हैस पुढ्यातलं गवत टाकून उठली, गडगा ओलांडून गेली आणि कोयंड्यांच्या दारात जाऊन बसली. आपल्या जातीची मंडळी आत जमलीत, असं वाटलं तिला. धुरी बुवा ओढायला गेले तर हलेना. कोयंडे दारात आले, म्हणाले, “राहू दे रे अनाजी. ऐकतासा, ऐकूंदे तिका.”

मंडळी, माणसांनी दुसऱ्याचं गाणं ऐकावं, ते एक वेळ सोसतं. पण स्वतःची म्हैस? धुरी बुवांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. बायको सुलभा म्हणाली, “म्हशीन दूध तेवढाच दिल्यान.” बुवा म्हणाले, “दूध दिल्यान, पण मन खय आसा तिचा?”

झालं. आठवडा गेला नाही तोच धुरी बुवांच्या दारात टेम्पो उभा! कोयंड्यांचे दोन स्क्रीन, तर यांचे तीन. त्यांचे पाच स्पीकर, यांचे सात. त्यांचा एक ढोल्या, यांचे दोन, प्रत्येक एवढा की आत पाहुणा झोपवावा. पण ते मांडायचे कुणी? कुडाळचा माणूस हात जोडून तयार होता. बुवा म्हणाले, “ज्या हातान कोयंड्याच्या वायरी जोडल्यान, तो हात माझ्या घरात नको.” मग स्वतः बसले, सोबतीला त्यांचा पखवाजवाला बाळा मेस्त्री.

बाळानं पहिला स्पीकर उचलला आणि विचारलं, “बुवा, ह्येची तोंडां आपल्याकडे करूची ना?”

बुवांनी त्याच्याकडे असं बघितलं, जसं काही त्यानं पखवाजाला शाई कुठल्या बाजूला असते ते विचारलंय. “बाळा, बारीत तू तोंड खय करतस?”

“समोरच्या बुवाकडे.”

“मगे? ह्यो काय वेगळो धंदो आसा?”

आलं लक्षात? जन्मभर ज्यानं समोरच्याकडे तोंड करून गायलं, त्याला आवाज आपल्याकडे वळवायचा असतो हे सुचणार कसं? सातही स्पीकर एका रांगेत खिडकीत लागले, तोंडं कोयंड्यांच्या खळ्याकडे. खळं म्हणजे दारापुढचं सारवलेलं अंगण. दोन्ही ढोले गडग्याला टेकवले. आणि स्क्रीन? गाताना आवाजाच्या हिरव्या रेघा उडतात ना स्क्रीनवर — त्या कोयंड्याला दिसल्या पाहिजेत! तीनही स्क्रीन खिडकीबाहेर तोंड करून. म्हणजे बुवांना स्वतःला काय दिसायचं? स्क्रीनची पाठ आणि वायरींचा गुंता. आतून बुवा माऊस फिरवायचे आणि बाळा खिडकीबाहेर उभा राहून ओरडायचा, “डावीकडे... वायच वर... बुवा, बाण गेलो पुढे... हां, आता दाबा.”

असं करत गजर रेकॉर्ड झाला. लावला. आणि बुवांच्या खोलीत कसा ऐकू आला? घोंगडीखाली तोंड घालून कुणी हिशेब पुटपुटावा तसा. स्पीकरांच्या पाठीमागे बसलेल्या माणसाला दुसरं काय मिळणार?

पण गडग्यापलीकडे! सातही धारा नेमक्या कोयंड्यांच्या खळ्यात, तुळशीसमोरच्या आरामखुर्चीवर येऊन मिळायच्या. तिथं बसलं की धुरी बुवांचा आवाज अंगावरून हात फिरवल्यासारखा यायचा. आधी शेजारचे चार जण आले. मग वाडी आली. संध्याकाळ झाली की लोक पाट, खुर्च्या घेऊन कोयंड्यांच्या खळ्यात. कोयंडीण बाई सगळ्यांना चहा द्यायची. आणि परत जाताना लोक काय म्हणायचे? ‘कोयंडे बुवांकडे काय आवाज ऐकायला मिळतो हो!’

गळा कुणाचा, नाव कुणाचं! धुरी बुवांनी ते ऐकलं आणि आवाज वाढवला. गर्दी वाढली. आणखी वाढवला. पलीकडच्या वाडीतून लोक आले. जितका राग, तितका आवाज. जितका आवाज, तितका कोयंड्यांच्या घरचा चहा. एके दिवशी सुलभाबाई पदर सारखा करत निघाल्या, हातात पाट.

“खय चललंस?”

“वायच कोयंड्यांकडे जाऊन येतंय.”

“कित्याक?”

“तुमका आयकूक.”

नवऱ्याला ऐकायला, मंडळी, नवऱ्यालाच घरात सोडून! दुसऱ्या दिवशी बाळा मेस्त्रीही दिसेना. आवाज चालू करून दिला आणि गडग्यावरून उडी टाकून गेला. घरात उरले बुवा आणि स्पीकरांच्या सात पाठी.

मग मात्र बुवा उठले. धोतराचा काष्टा खोचला. जाऊन त्या कोयंड्याला सगळ्यांसमोर विचारायचं: तू माझी माणसं नेलीस, म्हैस नेलीस, बायकोसुद्धा पाट घेऊन तुझ्या खळ्यात, आणि तोंडातून एक शब्द काढत नाहीस? गडगा ओलांडला. खळ्यात पाय टाकला.

आणि जागच्या जागी थांबले.

कुणीतरी गात होतं. असलं गाणं बुवांनी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. सूर वर चढत होता आणि वर गेल्यावर थांबून खाली बघत होता, लहान मूल माडीवरून आईकडे बघतं तसा. ज्यानं आयुष्यभर एका कोयंड्याचा द्वेष केला, त्याला वाटलं, तो द्वेष म्हणजे काहीच नव्हे. हा कोण? कुठून आणला? मुंबईहून? आपल्याला संपवायला?

बाळा समोरच मांडी घालून बसला होता. बुवांनी त्याच्या खांद्याला धरलं. “कोण रे ह्यो नवो बुवा?”

बाळानं मान वळवून वर बघितलं.

“गळो बरो आसा,” बुवा म्हणाले. “पण माज लय आसा त्याका. असो माणूस टिकूचो नाय.”

“बुवा,” बाळा म्हणाला, “ह्ये तुम्हीच.”

आपला आवाज आपण कवटीच्या आतून ऐकतो, मंडळी. बाहेरून कधी ऐकलेलाच नसतो. आणि या माणसानं तर घेतलेले सातही स्पीकर परक्याकडे फिरवले होते! स्वतःच्याच गळ्यावर जळत, रडकुंडीला येऊन, धुरी बुवा त्या खळ्यात उभे.

समोर आरामखुर्चीत कोयंडे बुवा. डोळे मिटलेले. त्यांनी डोळे उघडले, धुरी बुवांना पाहिलं, उठले, आणि सगळ्या गावासमोर गळ्यात पडले! म्हणाले, “अनाजी, बरा गातस. पहिल्या बारीपासून बरा गातस.” धुरी बुवांना आपल्या हातानं खुर्चीत बसवलं. सातही स्पीकरांतून त्यांचाच आवाज त्यांना भेटायला आला, आणि त्यांच्या पोटातलं ते जुनं दुखणं तिथल्या तिथं थांबलं.

आता तुम्ही. हसलात ना मघाशी? बरं केलंत. घरी गेल्यावर बघा तुमच्या स्पीकरांची तोंडं कुणीकडे आहेत. पोराला शिकवलंत, ते पोरासाठी की जावेला ऐकू जावं म्हणून? घराला रंग दिलात, तो आतून पुसट झाला तरी चालतोय, रस्त्याकडचा भडक हवा — हो की नाही? जे जे मिळालं ते शेजाऱ्याकडे तोंड करून ठेवलंत, आणि स्वतः पाठीमागे बसून म्हणताय, देवानं मला काही दिलं नाही! अरे, कोयंडे बुवांसारखे व्हा. आयुष्यभर समोर बसून दुसऱ्याचा गळा ऐकला, पण त्या माणसाच्या मनाला मत्सर म्हणून कधी शिवला नाही. शेजाऱ्याची कीर्ती आपल्या अंगणात घेऊन बसला, आणि—

“महाराज, ह्या खोटा.”

कोण बोललं? खांबापाशी बसलेल्या म्हाताऱ्या बाई. आजी, म्हशीवर विश्वास ठेवलात, फणसावर ठेवलात, पोहणाऱ्या पोफळीवर ठेवलात. इथं काय अडलं?

“म्हशीचा माका म्हायत नाय. पण गळ्यात कोण पडूक नाय. मी कोयंड्यांची बायको. चाय मीच करत होतंय.” बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. “अनाजी बुवा येऊन उभे ऱ्हवले, तसे ह्ये उठले आणि घरात गेले. त्या सांजेक जेवले नाय. भिंतीकडे तोंड करून पडान ऱ्हवले. मी इचारलंय, काय दुखता? तर माका म्हणाले, ‘ह्यो गळो देवान त्येका दिल्यान. माका कित्याक नाय?’”