नाव माझं, रक्त नितेशचं

हॅलो? … हो, मीच लावला होता. तीनदा लावला. … जेवली, जेवली. … नाही, ताप नाही. … अवं आई, नाही म्हटलं ना! ताप नाही, सांधे नाही, काही नाही. ऐक तर खरी. नितेश कुठी आहे? …

झोपला? दुपारचे बारा वाजले. … चक्कर आल्यावानी वाटते म्हणते? काहून? … उन्हानं? जानेवारी महिन्यात? …

रक्त दिलं म्हणून तर नाही ना वाटत?

हॅलो? … आई? … आहेस का फोनवर?

… नाही, मले कोणी सांगितलं नाही. कोण सांगेल? मी लॅबमध्ये उभी आहे. माझ्या हातात ट्यूब आहे, जांभळ्या झाकणाची. तिच्यावरची चिठ्ठी वाचून दाखवू का? प्राजक्ता पंजाबराव, वय सव्वीस, स्त्री, तेल्हारा. … हो ना, माझंच नाव. मी दोन महिन्यापासून अमरावतीतून हालली नाही, अन् माझं रक्त तेल्हाऱ्याहून येऊन राहिलं. एकटंच बसलं का एसटीत?

… अकोल्याले जाते वाटलं तुले? जाते ना, नेहमी अकोल्यालेच जाते. पण आमच्या अकोल्याच्या शाखेतली मशीन सोमवारपासून बंद आहे. तिकडचं सगळं इकडेच येऊन राहिलं. … हो, नशीब. तुमचं फुटकं म्हण, माझं चांगलं.

… काय? … पुन्हा म्हण बरं. … भावाबहिणीचं रक्त एकच असते? कोण म्हणे? … आत्या म्हणे! … आई, एकच असतं तर माझा गट ‘ओ’ अन् त्याचा ‘बी’ काहून निघाला असता? हिमोग्लोबिन साडेपंधरा! आठ वर्षांत मले कोणी अकराच्या वर पाहिलं का? सकाळी मशीनमधून कागद निघाला तर इथं माझ्यासोबत काम करते ना फलक, ती म्हणे, प्राजक्ता, मुबारक हो, तू तर पहिलवान निघाली!

हसू नको. … हसून राहिली तू, मले ऐकू येते. … मी नाही हसली, आई. मले वाटलं आमच्याच हातून अदलाबदल झाली. दीड तास, दीड तास मी सगळ्या ट्यूबा एकेक करून तपासल्या. उद्या कोणत्या बाळंतिणीले चुकीचं रक्त चढलं असतं मंग? माझी नोकरी गेली असती ते तर सोड. अन् इकडे चूक कोणाची, तर माझ्या मायची!

… तिथल्या रक्त घेणाऱ्या माणसानं विचारलं नाही? समोर दाढीवाला पोट्टा बसला अन् नाव प्राजक्ता लिहिलं? … बाटलीत घरून भरून आणतो म्हटलं? … मंग? … मंग पोरगी आजारी आहे, घरी येऊन घे म्हटलं, अन् खोलीत अंधार करून नितेशले गोधडीत निजवलं. फक्त हात बाहेर. … व माय! … आई, हे सांगतानाही तुले लाज वाटून नाही राहिली!

हां हां, लग्नासाठी. मले माहीत आहे लग्नासाठी. पण धामणगावच्या खुशालराव काकांनी, मुलाच्या बापानं, मागितलं काय होतं? … काय मागितलं होतं, तेवढं सांग. … रक्तगट, हिमोग्लोबिन, शुगर अन् सिकलसेल. बस. आजकाल आपल्याकडे सगळेच मागतात. त्याच्यात माझा आजार दिसतच नाही, आई! ती तपासणीच वेगळी असते. माझं रक्त दिलं असतं तर हिमोग्लोबिन तेवढं कमी दिसलं असतं, बाकी रिपोर्ट तसाच नीट आला असता. तुमी फुकटची चोरी केली. अन् मी रक्ताच्याच लॅबमध्ये कामाले, मलेच विचारलं नाही!

… विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं? मी काहून नाही म्हणू? … मी लपवू दिलं नसतं, असं म्हण ना. खरं ते बोल.

थांब. थांब थांब. लपवायचं काय उरलं होतं? दिवाळीत पाहुणे आले तवा मी अट घातली होती. पहिले त्यांना सांगा, मंग पोहे करा. तू म्हणाली, आत्यानं सांगितलं. … हो, माझ्यासमोर म्हणाली, चुलीपाशी. … काय सांगितलं मंग आत्यानं? … काय? …

थायरॉईड?

… आई, मले थायरॉईड आहे का? … सगळ्यांनाच असते म्हणून? चांगलं नाव सापडलं तुमाले! अन् मी त्या दिवशी उन्हात बसली नाही, अंगणातून आत आली, त्याचं काय सांगितलं? … लाजाळू आहे. वा. … अन् पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज? … संस्कार. … अवं, संस्कार नाही, ऊन लागलं की मले आठ दिवस उठवत नाही म्हणून ते! तो मुलगा बिचारा परवा फोनवर म्हणे, तुझी थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेतेस ना? माझी बहीण तशीच घेते. मले वाटलं, माझ्या आजाराचं, लुपसचं, त्याले नीट समजलं नसेल. मी त्याले समजावून राहिली होती की माझी जेवणानंतर असते. अडाणी मीच निघाली.

… मागून कोण बोलून राहिलं? माणिक आत्या का? … दे तिले. … दे म्हटलं ना. …

हॅलो आत्या. … हो, बरी आहे. … नाही आत्या, आवाज मोठाच राहील आज. … लग्नानंतर सांगू? लग्नानंतर कोण सांगेल, तू येशील धामणगावले? … अन् त्यांनी मले आणून एसटी स्टँडवर सोडलं, तवा न्यायले कोण येईल? …

अन् तोपर्यंत गोळ्या कुठी लपवू मी? पिठाच्या डब्यात? मोरीत जाऊन खाऊ? घरात पन्नास पाहुणे, कोणी पाहील म्हणून आज चुकली, उद्या चुकली… मले माहीत आहे आत्या काय होते. तुलेही माहीत आहे. … काहून, विसरली? बारावीनंतर तुमच्या गावच्या महाराजाचा अंगारा तूच आणला होता. गोळ्यांनी पोरीचं तोंड सुजलं, बंद करा म्हणाली. केल्या बंद. पंधरा दिवसात पाय असे सुजले की चप्पल येईना. किडनीवर आलं होतं ते. अठरा दिवस नागपूरले भरती होती मी. आई खाली सतरंजीवर झोपत होती. … नाही, मी तुले दोष नाही देत. … हो, देते! देते दोष! आज देते!

… मूल होत नाही असं कोणत्या डॉक्टरनं सांगितलं? … शेजारीण डॉक्टर आहे का? मी विचारलं नागपूरले, तोंडानं विचारलं. ते म्हणे, आजार सहा महिने शांत पाहिजे, आधी कळवायचं, एकदोन गोळ्या बदलायच्या, मंग लक्ष ठेवून होते. … न लाजता विचारलं. … अवं, माझंच शरीर आहे, मी नाही विचारणार तर कोण विचारेल?

… दोन मिनिट, आत्या, इथं कोणी बोलून राहिलं. … हां फलक, आली तू? डाव्या हातातून घे, उजव्यात फोन आहे. … अगं बोलू दे मले, तू बांध पट्टा. … शीर दिसत नाही? बोटं थंड पडली ना माझी, हिवाळ्यात निळीच असतात. चोळ थोडं. … हां.

… आत्या, बोल. … काय करून राहिली म्हणजे? रक्त देऊन राहिली. माझं. नितेशची ट्यूब मी रद्द केली, रजिस्टरमध्ये लिहिलं की नमुना दुसऱ्या माणसाचा आहे. … हो, लिहिलं. शाईनं. … होऊ दे बदनामी. साहेबांनी विचारलं तर सांगीन, माझ्याच घरच्यांनी केलं.

… ‘बिचारी’ नको म्हणू, आत्या. हात जोडते, ते एक नको म्हणू. कशाची बिचारी? पहाटे साडेपाचले उठते, अर्धा तास बोटं गरम पाण्यात ठेवते, की मंग ती वळतात. ऊन पडायच्या आत दोन किलोमीटर चालून येते. सावलीसावलीनं लॅबले येते, छत्री बाराही महिने. माझ्या रूमचं भाडं मी भरते. दर तीन महिन्यांनी लघवीची तपासणी, वर्षातून एकदा डोळ्यांची, तारीख कधी चुकली नाही. रविवारी फलकच्या घरी जेवते, तिची अम्मी माझ्यासाठी कमी मिठाचं वेगळं काढते. न सांगता काढते. ज्या दिवशी अंग दुखते त्या दिवशी सांगते, आज दुखते, अन् झोपते. बाकीच्या दिवशी चांगली जगते मी! तुमच्यापैकी कोणी कधी येऊन पाहिलं का? एकदा तरी? तीन तासांचा तर रस्ता आहे…

… आत्या? … हॅलो? … कोण आहे? …

बाबा?

… हो बाबा. बरी आहे. … स्पीकरवर होता का फोन? … सगळं ऐकलं? … बरं झालं. …

रागात आहे, हो. काहून नसू? … तुमाले माहीत होतं? नितेशचं? … खरं सांगा. … माहीत होतं. … मंग तुमी कुठी होते तवा? … ओसरीवर. … काही बोलले नाही. …

बाबा, एक विचारू? कपाशीवर गुलाबी अळी पडली तवा तुमी काय केलं? … नाही, सांगा ना, काय केलं? तलाठी आला, कृषीवाला आला, तुमी हातानं बोंडं फोडून दाखवली. पाहा म्हणाले, वरून हिरवं आहे, आतून असं आहे. गावातले म्हणत होते, पंजाबराव, नका दाखवू, वावराचं नाव खराब होते. ऐकलं का तुमी त्यांचं? … तालुक्याले गेले, पेपरवाल्याले सांगितलं. मले किती चांगलं वाटलं होतं. इथं सगळ्यांना सांगितलं मी, हे माझे बाबा.

… मी किडकं बोंड आहे असं नाही म्हणून राहिली, बाबा. अजिबात नाही. मी म्हणते, त्या वावराचं जे खरं ते चारचौघात बोलता येते तुमाले, अन् माझं बोलताना ओसरीवर जाऊन बसता. याचा राग आहे मले. आईचा नाही एवढा. तुमचा आहे.

… हं. …

… नाही, रडत नाही. सुई आहे हातात. … झालं फलक? कापूस दे. …

तर ऐका. पाच वाजता रिपोर्ट धामणगावले जाईल. माझं रक्त, माझा गट, माझं दहा-साडेदहा हिमोग्लोबिन. सोबत नागपूरचा कागद, आजाराचा. पण त्याच्या आधी खुशालराव काकांना तुमचा फोन गेला पाहिजे. … मी नाही करणार. मी केला तर म्हणतील, पोरगी बोलून राहिली अन् बाप तोंड लपवून बसला. … सोयरीक तुटली तर तुटली. मले तो मुलगा आवडला, हो. खोटं नाही बोलत, भल्ला आवडला. म्हणूनच म्हणते.

… काय बोलू म्हणजे? जे आहे ते. … ‘तिच्या तब्येतीचं’ नाही, बाबा. … ‘ते तिचं जुनं’ नाही. … नाव आहे त्याले. आठ वर्षे झाली, फाईल तुमीच धरत होते, तुमच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही ते. … मी सांगते, तुमी म्हणा. लुपस. …

… नाही, कुजबुजू नका. … बसले आहे का कोणी अंगणात? … शेजारचे पुंजारामकाका? बसू द्या. अजून कोण? … बसू द्या, सगळ्यांना बसू द्या. …

म्हणा. …

अजून मोठ्यानं, बाबा. … अंगणात जाऊन म्हणा. … मी आहे फोनवर. …

… हां. …

आलं ऐकू. … आता लावा त्यांना. मी ठेवते.