बायजाच्या गाठीचा रंग

म्हंजे अँटीबॉडीच खराब होती म्हणतेस? अख्खी बॅच? कंपनीनंच कळवलं? बस, डिंपल बेटा, बस. नागपूरहून एवढ्या उन्हात हे सांगाले आलीस, पाणी तरी घे. तृप्ती आतमंधी आहे. आई गेली, तिचं पुण्यानुमोदन झालं तवापासून त्या खोलीतच असते – लॅबचं नाव काढलं का तोंड फिरवते.

तुम्ही दोघी एका टेबलावर काम करता, मी काय सांगू तुले? पण तिनं आमाले लय सोपं करून सांगितलं होतं. पोटात एक हार्मोन असते, त्याले बसाले गाठीवर जागा असते – रिसेप्टर का काय. अँटीबॉडी त्या जागेले जाऊन चिकटते अन् तुकडा भुरा, तपकिरी होते. भुरा झाला म्हंजे जागा आहे, जागा आहे म्हंजे इंजेक्शन लागू पडते. बस. आईच्या पोटातल्या गाठीचे तपासाले काढलेले तुकडे, त्यातला एक तृप्तीनं मागून घेतला, रंगवला – झाला भुरा! व्हिडिओ कॉलवर आईले दाखवे, अशी खुश! अन् माही बायजा, ऑपरेशनच्या नावानं थरथरणारी बाई, म्हणे, माही पोरगी सांगते ना, मंग पोट कायले फाडाचं? डॉक्टर म्हणे, थांबा, आमची तपासणी होऊ द्या. कोण थांबते? घरचीच डॉक्टरीण! साऱ्या लाखनी गावात सांगत फिरली. ऑपरेशनची तारीख सोडून देली. मंग डॉक्टरचा रिपोर्ट आला – जागाच नाही गाठीवर. तोपर्यंत लिव्हरमंधी पसरली होती.

आता म्हणशील, काकाजी, तिची काय चूक? नाहीच. मीभी तेच म्हणतो. आल्यागेल्याले तेच सांगतो. अँटीबॉडीच्या शिशीवर लिहून होतं म्हणे, फक्त संशोधनासाठी, पेशंटसाठी नाही – हे तिनंच मले रडत सांगितलं. अन् सोबत दुसरा तुकडा लावाचा असते ना, ज्याच्यात ती जागा नसतेच? तोभी भुरा झाला तर समजाचं, अँटीबॉडी खोटी बोलून राहिली. लावता ना तुम्ही? दरवेळी? हां. हिनं नाही लावला. घाई झाली होती. आईची गाठ होती ना बेटा, परक्याची असती तर लावला असता.

पाह्य, हेच. तू बॅच खराब होती म्हणून सांगितलं, तवा माह्या छातीवरचा गोटा उतराले पाह्यजे होता. नाही उतरला. सकाळी ती ताट वाढते, वरण-भात, लिंबाची फोड – अन् घास नुसता फिरत राह्यते तोंडात. पोटची पोरगी, अन् तिचा राग येते मले! कोणाले सांगू हे? विहारातले भन्तेजी म्हणे, मनात मैत्री ठेवा. ठेवतो म्हटलं. कुठून आणू?

तिले सांग, तुही चूक नाही. तूच सांग, तुह्या तोंडून खरं वाटन. अन् आजच घेऊन जा नागपूरले. मी बाप आहो, मी ‘राह्य’ म्हणाले पाह्यजे – नाही निघत तोंडातून. जाय आता. अन् मागच्या दारानं ने तिले, माह्यासमोरून नको.