आरतीत लपलेलं इंजिन

मंडळी, आज एक प्रश्न घेऊन उभा आहे. सोपा आहे. पण सोप्या प्रश्नानंच माणसाला घाम फुटतो! प्रश्न असा — श्रद्धा ठेवायची म्हणजे डोळे मिटायचे का हो?

हो म्हणणाऱ्यांनी हात वर करा. काका, तुम्ही हात वर केलात की आळस दिलात? असू द्या, असू द्या. निदान जागे आहात!

देवानं डोळे दिले, कान दिले. देवळात आपण डोळे मिटतो — चालेल, देव कुठं पळून जात नाही. पण बाजारातही मिटतो! नारळ घेताना कानाशी हलवून बघतो, कलिंगडाला टिचक्या मारतो, आणि मोठा व्यवहार आला की? "कपाळाला गंध आहे, माणूस सज्जन दिसतोय, घेऊन टाका!" अरे वा रे शहाणे! कलिंगडाला गंध लावलं असतं तर तेही न टिचकावता घेतलं असतंस!

तर ऐका. मिरजेच्या अलीकडचं एक बाजारपेठेचं गाव. नाव सांगत नाही — पुढच्या वर्षी तिथं माझं कीर्तन आहे, मानधन बुडायला नको! त्या गावात वामनराव तांबट. पेठेत तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान, बापाच्या वेळेपासूनचं. गिऱ्हाईक बाईनं घागर उचलली की वामनराव म्हणणार, "वहिनी, थांबा! अशी नाही घ्यायची." मग घागर उलटी धरणार, बोटाच्या पेरानं टण्णकन वाजवणार. "ऐकलंत? आवाज कसा लांब गेला! बारीक जरी चीर असती, तरी बद्द वाजली असती. भांडं डोळ्यांनी नाही घ्यायचं, वहिनी, कानानं घ्यायचं!" बाई खूश. घागर घेऊन जाणार. असा हा कानाचा माणूस! हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

वामनरावांची आई गोदाक्का. जीभ म्हणाल तर नुकतं धार लावलेलं विळीचं पातं. पण दोन्ही मूत्रपिंडं थकली. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मिरजेला डायलिसिस. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "वार चुकवायचा नाही. चुकला तर छातीत पाणी भरेल." आणि जायचं कशानं? एसटीनं! कधी गाडी वेळेवर नाही, कधी बसायला जागा नाही. म्हातारी दांडीला लोंबकळत जायची आणि पाय सुजवून परत यायची.

शेवटी वामनरावांची बायको शैला म्हणाली, "अहो, एक छोटी गाडी घेऊ या. जुनी चालेल. पेट्रोल कमी पिणारी, सुटे भाग गावात मिळणारी. रंग कसलाही असू दे. निघाली की पोचली पाहिजे, एवढंच बघा!"

गरज बघा किती साधी! निघाली की पोचली पाहिजे. पण साधी गरज घेऊन माणूस बाहेर पडला ना मंडळी, की त्याची अक्कल दारातच चप्पल काढून बसते.

पहिली गाडी बघितली नलिनीताई साबळ्यांची. साबळे सर हायस्कूलला गणित शिकवायचे. मागच्या वर्षी आजारपणात गेले. घरापुढं त्यांची राखाडी रंगाची छोटी गाडी. नलिनीताईंनी आधीच निरोप धाडला होता, "सकाळी या. इंजिन थंड असताना चालू करून बघा. तापवून ठेवलेली गाडी कुणाचीही सुरू होते!"

सकाळी गेले. पहिल्या चावीला सुरू! वामनरावांनी सवयीनं मान तिरपी केली, कान लावला. एकसारखा आवाज. कुठं अडखळणं नाही, कुरकुर नाही. नलिनीताई स्वतःहून सांगायला लागल्या, "मागचा पोचा माझा हं. गाडी मागं घेताना मीच फाटकावर घातली. एसी जेमतेम आहे. पुढचे दोन टायर वर्षभरात बदलावे लागतील. बाकी सरांनी तेलपाणी कधी चुकवलं नाही." त्यांनी बॉनेट उघडून दाखवलं. शैलानं खाली वाकून बघितलं — जमिनीवर तेलाचा थेंब नाही.

आता असल्या गाडीला नाव ठेवायला काही उरतं का? पण आपला माणूस बहाद्दर! वामनराव मनात म्हणतात, 'एवढं खरं बोलतेय बाई, म्हणजे काहीतरी लपवत असणार!' बघा! खोटं बोललं तर विश्वास, खरं बोललं तर संशय. मृदंगवाले, हसू नका, तुम्हीही तसलेच आहात!

तेवढ्यात वामनरावांची नजर आत गेली. भिंतीवर सरांचा फोटो, फोटोला हार. मग नजर वळली नलिनीताईंच्या मोकळ्या कपाळाकडं. झालं! चहा अर्धा टाकून वामनराव उठले.

रस्त्यावर शैला विचारते, "काय झालं?"

"नको ती गाडी."

"का पण? चांगली आहे की!"

"गेलेल्या माणसाची गाडी आहे. आईला त्यात बसवायचं? आणि सकाळी सकाळी दारात ती बाई… अपशकुन, दुसरं काय! शिवाय नंबरची बेरीज आठ. शनी!"

"अहो, सर गाडीत नाही गेले. दवाखान्यात गेले."

"तुला त्यातलं काही कळत नाही!"

मंडळी, हे वाक्य नवरा कधी म्हणतो? त्याला स्वतःला काही कळत नसतं तेव्हा! बायकांनो, माना डोलवू नका, शेजारी बघतायत.

तरी शैलानं नलिनीताईंचा फोन नंबर आपल्या मोबाइलमध्ये ठेवून घेतला. वामनरावांनी मात्र 'अपशकुनी गाडी'ची कथा दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवली. एका गिऱ्हाइकाला सांगितलं की पेठेला कळतं, आणि पेठेला कळलं की जिला कळायला नको तिलाही कळतंच.

मग आले सदाशिवभाऊ ढवळे. जुन्या गाड्यांचे व्यवहार करणारे. कपाळभर गंध, गळ्यात माळा, बोलताना निम्मं वाक्य देवाचं आणि निम्मं गाडीचं. गाडी पांढरीशुभ्र. पुढं झेंडूचा हार, खाली लिंबू-मिरची, बॉनेटवर ताजं कुंकवाचं स्वस्तिक. आत समोर देव — गणपती, देवी, दत्त, मारुती. एवढी दाटी, की रस्ता बघायचा तर देवांना "जरा सरका" म्हणावं लागेल! मधोमध उदबत्तीचं घर. अख्खा पुडाच पेटवलेला. आत बसलं की वाटावं, गाभाऱ्यात आलो.

सदाशिवभाऊंनी चावी फिरवली — आणि काय! चावीबरोबर आरतीच सुरू झाली! तशी वायरच जोडून घेतलेली. टाळ, झांजा, ढोल, चाळीस माणसांचा कोरस! वामनरावांचे हात आपोआप जोडले गेले. टाळ्या वाजवायला लागले!

मागं बसलेली शैला म्हणाली, "अहो, जरा आवाज कमी करायला सांगा की. इंजिन ऐकू द्या."

वामनराव चाचरत म्हणाले, "सदाशिवभाऊ, जरा… बारीक…"

सदाशिवभाऊंनी कानाला हात लावले. "वामनराव! सुरू झालेली आरती मधेच तोडायची? तुमच्या हातानं तोडा बाबा. मी नाही ते पाप घेणार!"

आता कुणाची छाती आहे? आपल्या घरात गॅसवर दूध उतू जातं, पण आरती पुरी झाल्याशिवाय कुणी हलतं का? नाही ना! गाडी निघाली, देवळाला वळसा घालून परत आली. इकडं आरती संपली, तिकडं चावी बंद. कसा हिशेब बसवलाय बघा!

शैला म्हणाली, "बॉनेट तरी उघडा."

"वहिनी, पूजा झालीय. स्वस्तिक विस्कटायचं?"

नको नको! वामनरावांनीच हात जोडले. व्यवहार झाला, पेढे वाटले, गाडी दारात आली.

गोदाक्का काठी टेकत बाहेर आली. गाडीभोवती फिरली. म्हणाली, "दिसती झ्याक. वाजवून घेतलीस का रं?"

"आई, देवाची गाडी आहे ती!"

"आरं, पर मला देवाकडं न्हाई जायचं. मिरजेला जायचंय!"

मंगळवार उजाडला. पुढं वामनराव आणि सगळे देव, मागं गोदाक्का आणि शैला. आरती दणदणीत! गाव मागं पडलं. मिरजेच्या अलीकडं मोठा चढ लागतो. तिथं आरती संपली, आणि ती पुन्हा सुरू व्हायच्या आत मंडळी, त्या गाडीत पहिल्यांदा शांतता झाली. आणि त्या शांततेत वामनरावांनी इंजिन ऐकलं.

खड… खडखड… बद्द!

आयुष्यभर भांडी वाजवलेला माणूस. त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. पुढच्याच वळणावर काळा धूर निघाला, आणि गाडी धापा टाकत उभी राहिली.

इथं एक ओवी आहे. संतांची नाही हं, माझीच आहे, म्हणून जरा लंगडते —

पुढे देव, मागे धूर ।
मधे मालक मजबूर ॥

वामनरावांनी सदाशिवभाऊंना फोन लावला. फोनलाही आरतीच! अख्खी आरती झाली, फोन कुणी उचलला नाही. एक एसटी आली, तीही चढावर थांबली नाही. उन्हाचा कडाका. गोदाक्काला दम लागायला लागला. शैलानं मुकाट्यानं मोबाइल काढला.

"कुणाला लावतेस?"

"नलिनीताईंना."

"तिला नको!"

"आईंकडं बघा," शैला म्हणाली. "आणि मग सांगा नको म्हणून."

वामनरावांनी आईकडं बघितलं. ओठ सुकलेले, एक हात छातीवर. मग आपला रुमाल तिच्या डोक्यावर धरला.

राखाडी गाडी आली. मागचा पोचा तसाच. नलिनीताई स्वतः चालवत होत्या. कुठं बिघडली, कुणाकडून घेतली — एक शब्द विचारला नाही. शैलानं सासूला उठवलं, तर म्हातारी सरळ पुढच्या सीटकडं निघाली. नलिनीताईंनी मान खाली घातली.

"आक्का, मागं बसता का? माझ्या शेजारी… तुमच्या मुलाला चालायचं नाही."

"का? काय झालं?"

"गेलेल्या माणसाची गाडी आहे. आणि मी अपशकुनी. पेठेत सगळ्यांना सांगून झालंय त्यांचं."

गोदाक्का थांबली. दाराला धरून उभी राहिली. श्वास पुरत नव्हता, तरी मंडळी, ती बोलली.

"वामन्या, तुझा बा कवाच गेला न्हवं रं? माझं कपाळ काय रंगलंय व्हय? मी बी गेलेल्या माणसाचीच बायको. मग मला कशाला घरात ठिवलीस? अपशकुन मिरजेला न्यायला एवढी देवाची गाडी आणलीस व्हय?"

भर रस्त्यात! वामनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आई, चुकलं माझं. चल, मी पण येतो."

"तू थांब हितंच. एवढं देव हायती गाडीत. त्यास्नी एकटं सोडू नगंस!"

दार लागलं. गाडी निघाली. वामनराव धुरकटलेल्या गाडीला टेकून उभे, आणि राखाडी गाडी चढ चढतेय. आवाज ऐकू येत होता — एकसारखा, लांबपर्यंत जाणारा. चांगल्या घागरीचा जातो तसा. तो ऐकत वामनराव लहान पोरासारखे रडले.

आई वेळेवर पोचली. त्या दिवशी वाचली.

संध्याकाळी वामनराव नलिनीताईंच्या दारात गेले. "ताई, तोंड दाखवायला जागा नाही मला. तेवढी गाडी द्या. तुम्ही म्हणाल तो भाव."

"गाडी आता विकायची नाही," नलिनीताई म्हणाल्या. "सर गेल्यापासून माझ्या शेजारच्या सीटवर कुणी बसलं नव्हतं. आज आक्का बसल्या. वाटभर मला शिव्या दिल्या, हळू चालव म्हणून! किती बरं वाटलं म्हणून सांगू. मंगळवार-शुक्रवार मीच नेईन त्यांना. पेट्रोल तेवढं तुम्ही टाका."

तेव्हापासून पुढं नलिनीताई आणि गोदाक्का, मागं वामनराव, मांडीवर आईचा डबा घेऊन. आणि ती पांढरी गाडी? दुकानामागं उभी आहे. देव मात्र वामनरावांनी घरी आणले. त्यांचा बिचाऱ्यांचा काय दोष!

हसलात ना? हसा. पण मला सांगा, वामनरावांना फसवलं कुणी? सदाशिवभाऊंनी? छे! तो आपला धंदा करत होता. अस्सल माल त्याआधीच दारात उभा होता, कानानं पारखून झाला होता. तो नाकारला कुणी? एका बाईचं मोकळं कपाळ बघून उठला कोण? तिथं आरती वाजत नव्हती हो! तिथं चाळीस माणसांचा कोरस नव्हता! तिथं कानात बोळा कुणाचा होता?

वामनरावांचं सोडा. ते सुधारले. मी तुमच्याकडं बघतोय.

आता आरती व्हायची आहे. ताट सजलंय, निरांजन पेटलंय. ताट कुणाच्या हातात द्यायचं तेही तुमचं ठरलंय, मला माहीत आहे. पुढं बसल्यात त्या भरल्या कपाळाच्या, हिरव्या चुड्याच्या. बसू द्या, त्यांचंही कल्याण होवो! पण मघापासून मी बघतोय — तिकडं मागं, चपलांच्या शेजारी, खांबाआड काही जणी बसल्यात. पदर पुढं ओढून. कीर्तनाला सगळ्यांत आधी आल्या, आणि बसल्या सगळ्यांत मागं. त्यांना तिथं बसायला कुणी सांगितलं? देवानं?

सुरू झालेली आरती मधेच तोडता येत नाही, खरं आहे. म्हणून मी ती सुरूच करत नाही. पेटीवाले, सूर नुसता धरून ठेवा. आधी त्या मावश्या पुढं येऊ द्या. ताट त्यांच्या हातात द्या.

काय म्हणता अध्यक्ष? प्रथा नाही?

बरं. मला घाई नाही. मी इथंच बसतो.