फणसाला बांधलेली वार

हॅलो?... कोण? अगो बाय, गुरांच्या डॉक्टर तस्नीमबाई! बोला ओ... नाय, दूध काढून झालं. भाकऱ्या टाकत होते.

रगताचा रिपोर्ट आला?... मग?... म्हणजे आमच्या तांबू गाईचं वासरू त्या गाभ पाडणाऱ्या रोगानंच गेलं? आणि मी म्हणत होते, सड्यावरच्या कातळावर पाय घसरला तिचा म्हणून गाभ पडला.

हो, हो... वेगळी बांधलीय. दूध उकळल्याबिगर कोण तोंडाला लावत नाय.

वार? वासरामागनं पडलेली ती?... टाकेन कशी? फणसाला बांधली, गोणपाटात घालून... अहो, चीक येणारं झाड नको का? त्याशिवाय गाईला दूध कसं उतरायचं? माझी सासूपण तसंच...

काय?... त्यातनंच पसरतो?

हाय, हाय, ऐकतेय... खाली गळलेलं चाटलं तरी?... काल बघितलं तर गोणपाट फाटून लोंबतंय ओ!

डॉक्टर, फणस पाखाडीवर हाय, गुरांच्या पायऱ्यांच्या वाटेवरच. भात उभं होतं म्हणून इतके दिवस गुरं दावणीला होती. आता कापणी झाली, आजपासून सोडतील. सगळी त्याखालनंच जाणार. कमळाची गाय तर गाभण... माझी धाकटी जाऊ ओ. तिचं घर त्या एका गाईवर चालतंय.

मी सांगू? नको, तुम्हीच सांगा ना! सगळे म्हणतील, सोनूबाईनं वाडीत रोग आणला. माझं दूध कोण घेईल उद्या?... हो... तुम्ही येईपर्यंत गुरं गेलेली असतील, तेपण खरं.

चुना हाय घरात. तुम्ही दिलेले हातमोजेपण हायत... खोल पुरते, कुत्रं उकरणार नाय असं... आणि कमळाच्या गाईचं रगत तपासाल ना?... आजच? बरं वाटलं.

घाबरतेय, नायतर काय!

थांबा... गाईची घंटा वाजतेय. तीच निघाली वाटतं. फोन ठेवू नका हां...

कमळे! अगो कमळे! गाय मागं घे! फणसाखालनं नेऊ नकोस! तांबूला रोग हाय, तिची वार मीच बांधलीय तिथं... होय गो, मीच! आधी गाय वळव, मग काय शिव्या घालायच्या त्या घाल!

...डॉक्टर? हाय ना तुम्ही?... वळवली. गाय वळवली तिनं.

आता काठी घेऊन माझ्याकडंच येतेय. ठेवते मी. लवकर या ओ.